काचेच्या सावलीतला चारा

दुसऱ्या वर्षीही उन्हाळा तोंडावर आला तरी आभाळ कोरडंच राहिलं, तेव्हा क्लिटस हाफमननं मेंढरं सॅन अँजेलोच्या बाजारात विकायला काढायचं ठरवलं. बायकोला तसं तो काही बोलला नाही. सकाळी उठून गाडीला ट्रेलर जोडला, आणि व्हर्नेलनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं पुरतं. तिनं तव्यावरची अंडी उतरवली, डोक्याला रुमाल बांधला आणि हातात काठी घेऊन मेंढरं वळवायला बाहेर आली.

तळ्याचा नुसता तळ उरला होता. चिखल वाळून त्याची खापरं झाली होती आणि मेंढरांचे खूर त्यांत अडकत होते. हाफमनांची स्वतःची जमीन म्हणजे दगड, निवडुंग आणि मेस्कीटची काटेरी झुडपं. खरा चारा होता तो पलीकडच्या केसलरच्या माळावर. क्लिटसच्या बापापासून हाफमनांची मेंढरं त्या माळावर चरत आली होती, वर्षाचं भाडं देऊन. मग म्हातारी केसलर वारली, डॅलसमध्ये राहणाऱ्या तिच्या नातवंडांनी माळ सोलरवाल्यांना भाड्यानं दिला, आणि बघता बघता क्षितिजापर्यंत उन्हावर वीज करणाऱ्या काचांच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या.

क्लिटसनं विरोध केला नव्हता असं नाही. तालुक्याच्या कचेरीतल्या सभेत तो हॅट हातात धरून उभा राहिला होता. "गवतावर काच घातली तर माझ्या मेंढरानं काय काच खायची?" असं त्यानं विचारलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ठराव मात्र कंपनीच्या बाजूनं झाला. आम्हीच केला. आमच्या होल्बर्ट गावच्या शाळेचं छप्पर गळत होतं, पोरं शेजारच्या गावी पाठवायची वेळ आली होती. छातीत कळ आली तर रुग्णवाहिका यायची ती पलीकडच्या तालुक्यातून, आणि ती येईपर्यंत माणूस थांबत नसे. कंपनीकडून काचांचा कर यायला लागला आणि शाळेवर नवं छप्पर चढलं, रुग्णवाहिका गावात उभी राहिली. लुर्लीननं फळ्या ठोकून बंद केलेलं आपलं हॉटेल पुन्हा उघडलं. आता तिथं सकाळी बसायला खुर्ची मिळत नाही. क्लिटस नाश्ता तिथंच करायचा, सोलरवाल्यांच्या शेजारी बसून त्यांना शिव्या देत.

तर मेंढरं भरून दोघं निघाले. ट्रेलरमध्ये मेंढ्या दाटीवाटीनं उभ्या, तोंडं उघडी, जिभा बाहेर. काचांच्या कुंपणाशेजारून रस्ता जातो, तिथं व्हर्नेल म्हणाली, "थांब."

"कशाला?"

"थांब म्हणते ना!"

"उन्हात जनावरं मरतील."

व्हर्नेलनं चालत्या गाडीचा दरवाजा उघडला. क्लिटसनं करकचून ब्रेक दाबला, मागं मेंढ्या एकमेकींवर आदळल्या आणि एकदम ओरडल्या.

"याड लागलं काय तुला?"

ती उतरून कुंपणाशी गेलीही होती. बाहेरचा माळ करपून पिवळा पडला होता. पाय टाकला की चुरा होत होता. आत मात्र काचांच्या बुडाशी, जिथं सावली पडते आणि पहाटेचं दव काचेवरून ओघळून ठिबकतं, तिथं गवत होतं. हिरवं म्हणावं असं, गुडघ्याएवढं. व्हर्नेलनं तारेतून हात घालून एक काडी उपटली, दातात धरली आणि नवऱ्याकडं पाहिलं. क्लिटसनं मान दुसरीकडं फिरवली. पण त्यानंही बघितलंच होतं.

फाटकाशी एक पांढरी गाडी येऊन थांबली. त्यातून उतरलेली बाई तिशीची, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बुटांवर धुळीचे थर. तिथली सगळी देखरेख तिच्याकडं होती. एलिडा त्रेविन्यो तिचं नाव, मूळची लारेडो शहरातली.

"काही अडचण आहे का?" तिनं विचारलं.

"तुमचं गवत लई वाढलंय," व्हर्नेल म्हणाली.

एलिडा हसली. "माहीत आहे मला. रोज तेच बघते. यंत्रानं कापायला जावं तर दगड उडतात आणि काचा फुटतात. ठेवावं तर वाळून आगीची भीती."

"माझ्या ट्रेलरात गवत कापणारी हायत. दगड उडवत न्हाईत."

एलिडानं ट्रेलरकडं पाहिलं. "दुसऱ्या ठिकाणी मेंढ्या सोडतात, ते मी बघून आलेय. वरच्या लोकांना विचारलंसुद्धा. पण मेंढ्या घेऊन फाटकाशी कुणी आलं नव्हतं." तिनं बुटावरची धूळ झटकली. "एक सांगते, बाई. सध्या कापणीचं काम ड्युवेन क्रेनेक करतात."

"ठावं हाय. माझा पाठचा भाऊ त्यो."

"मग त्यांचं काम काढून मी तुम्हाला देणार नाही. दक्षिणेकडचा तुकडा मात्र फार दगडाचा आहे, तिथं त्यांचं यंत्र चालतच नाही. तेवढ्यात करून दाखवा. पुढचं पुढं बघू. आणि फक्त मेंढ्या. शेळ्या अजिबात नकोत. शेळी वर चढते, तारा कुरतडते. आजोबांच्या शेळ्यांत वाढलेय मी, मला सांगू नका."

"शेळी न्हाई येणार," व्हर्नेल म्हणाली.

ट्रेलर माघारी फिरला. घरी मेंढरं उतरवून झाल्यावर क्लिटसनं ट्रेलरची कडी आपटली.

"माझी मेंढरं त्या फाटकातनं आत जायची न्हाईत. सभेत उभा राहिलोय मी. आता त्यांच्याच दारात जाऊन उभा राहू?"

"निम्मी माझी हायत."

"कुठली निम्मी?"

"जी जगतील ती," व्हर्नेल म्हणाली आणि पाण्याची बादली उचलून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती लुर्लीनच्या हॉटेलात गेली. ड्युवेन कोपऱ्यातल्या टेबलावर सॉसेज खात बसला होता. भलाथोरला, उन्हानं मान भाजलेला माणूस. बहिणीला बघून त्यानं खुर्ची पुढं ओढली. तिनं बसता बसताच सगळं सांगितलं. आडपडदा तिच्या स्वभावातच नव्हता.

ड्युवेननं काटा खाली ठेवला. "म्हंजे अक्का, तू माझ्या ताटातलं ओढणार."

"तुझं यंत्र जिथं चालत न्हाई तेवढंच."

"आज तेवढं. उद्या मेंढरं फुकट खातात म्हटल्यावर मला कोण इचारतंय? नवा ट्रॅक्टर घेतलाय मी ह्या कामाच्या जिवावर."

"फुकट न्हाई खात. पाणी वाहायचं, जाळी हलवायची, राखायची. माणसं लागतील मला. तू ये."

"तुझा गडी म्हणून?" ड्युवेनचा आवाज चढला. आसपासच्या टेबलांवरचे सोलरचे निळ्या शर्टांतले कामगार मान खाली घालून खाऊ लागले. "क्लिटसच्या हाताखाली मेंढरं वळू? मला लहानपणी काखेत घेऊन फिरलीस, ते याच्यासाठी?"

लुर्लीन कॉफीचं भांडं घेऊन आली होती, ती तशीच परत फिरली. ड्युवेन उठला. दरवाजाची घंटा खणखणली. व्हर्नेलनं त्याच्या ताटलीत राहिलेलं सॉसेज पुड्यात बांधून घेतलं. टाकायचं कशाला.

जाळीचे भारे जड होते. तारा गुंफलेली ती जाळी, खुंट्यांवर उभी करायची आणि तिच्यातून बॅटरीचा हलका झटका सोडायचा, म्हणजे कळप आत राहतो आणि कोल्हा बाहेर. व्हर्नेल एकटी दोन भारे उचलून दमली, तेव्हा क्लिटस गाडीत येऊन बसला.

"मी फक्त उचलू लागणार. आत येणार न्हाई."

पण भारे आत न्यायचे तर नियम होता. दोघांना एका थंडगार खोलीत बसवून सुरक्षिततेचा सिनेमा दाखवला. मग पिवळंधमक जाकीट दिलं, हेल्मेटसारखी कडक टोपी दिली. हॅट काढावी लागली. क्लिटसची हॅट घराबाहेर कुणी उतरलेली बघितली नव्हती, चर्च आणि ती सभा सोडून. भुवयांच्या वरचं त्याचं कपाळ दुधासारखं पांढरं होतं आणि खालचा चेहरा जुन्या खोगिरासारखा. खोलीतल्या पोरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. ओळखपत्रासाठी फोटो काढला, तो हातात घेऊन क्लिटस म्हणाला, "ह्यात मी चोर दिसतोय."

"दिसतोस तसाच हायस," व्हर्नेल म्हणाली. "चल."

मेंढरं मात्र आत जाईनात. रांगेच्या तोंडाशी येऊन थबकली. जमिनीवर सावलीचे काळे पट्टे, मध्ये उन्हाचे पांढरे. मेंढीला तो चर वाटतो. त्यात सूर्याबरोबर काचा फिरायच्या आणि किर्रर्र असा आवाज व्हायचा. आवाज झाला की कळप उलटा फिरायचा. व्हर्नेलनं हाका मारल्या, घमेल्यात मका खुळखुळवला. कुत्रं मागून दाबत होतं. ऊन चढत गेलं. क्लिटस काही वेळ बघत राहिला, मग गाडी घेऊन घरी गेला आणि पर्लला घेऊन आला.

पर्ल म्हणजे त्यांची म्हातारी पांढरी शेळी. ती पुढं चालली की मेंढरं विहिरीतसुद्धा उडी घेतील.

"क्लिटस, ती शेळी हाय."

"मला दिसतंय."

"शेळी न्हाई म्हणून शब्द दिलाय मी."

"आत सोडतो आन् लगेच काढतो. कुणाला कळणार हाय?"

पर्ल घंटा वाजवत काचांखाली शिरली आणि मागोमाग सगळा कळप पाण्यासारखा आत ओघळला. खाली तोंड घातल्यावर कुणी मान वर केली नाही. गवत तोडल्याचा तो कुरकुर कुरकुर आवाज, दोन वर्षांत तो असा ऐकला नव्हता. क्लिटस चाकाला टेकून तो ऐकत राहिला. त्याचा खुबा सकाळपासून ठणकत होता. पर्लला धरायला तो दोनदा उठला; ती दर वेळी चार पावलं पुढं. शेवटी म्हणाला, "संध्याकाळी काढू." संध्याकाळी पाण्याच्या टाकीचा नळ तुटला, त्या धांदलीत पर्ल आत राहिली.

सकाळी ते आले तेव्हा पर्ल एका काचेवर उभी राहून रवंथ करत होती. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर गेली होती. खाली एक तार सोलून ठेवली होती आणि ती अख्खी रांग बंद पडली होती. एलिडा गाडीजवळ हाताची घडी घालून उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"शेळीला झटका बसला असता तर?" एवढंच तिनं विचारलं. "मेंढ्या बाहेर काढा, बाई."

गावाला दिवसभराची करमणूक झाली. "क्लिटसची शेळी सूर्य बघायला चढली!" लुर्लीनच्या हॉटेलात ड्युवेननं ते दोन-तीनदा ऐकलं आणि दर वेळी हसला; पण सांगण्यात बहिणीचं नाव आलं तेव्हा म्हणाला, "तिचं नाव न्हाई घ्यायचं. शेळी तिची न्हाई."

घरी व्हर्नेल नवऱ्यावर ओरडली नाही. घेवडा आणि मक्याचा पाव त्याच्यासमोर ठेवला आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून जेवली. मेंढरं रिकाम्या गोठणात उभी राहून ओरडत होती. एकदा हिरवं तोंडाला लागलेलं. आता वाळली पेंडी ती हुंगून सोडत होती. क्लिटसला ते ओरडणं ऐकवेना.

सकाळी त्यानं दाढी केली, रविवारचा शर्ट घातला आणि काही न सांगता गेला. फाटकावर स्वतःहून हॅट उतरवली, कडक टोपी घातली आणि एलिडाच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"बसा, हाफमन साहेब."

"उभाच बरा. बसलो की उठायला येळ लागतो." त्यानं घसा साफ केला. "शेळी मी आणली. बायकोनं न्हाई म्हटलं व्हतं. तिचा शब्द मी मोडला. काच भरून देतो."

"काच विम्यात बसते," एलिडा म्हणाली. "माझा शब्द बसत नाही. वरच्यांना मी सांगितलं होतं की ही माणसं ऐकणारी आहेत."

क्लिटसनं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"सभेत तुम्हीच बोलला होतात ना?" एलिडानं विचारलं. "काच खायची का म्हणून?"

"मीच."

"मग आता का आलात?"

"मेंढरांनी काच खाल्ली न्हाई. खालचं खाल्लं." तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. "मी चुकलो व्हतो म्हणत न्हाई. माळ तेव्हा उघडा व्हता, तो चांगला व्हता. पण आता हे हाय, आन् ह्याच्याखाली चारा हाय. मेंढरं माझी हायत. ती मरू देऊन माझा शब्द राखण्यात काय मोठेपणा?"

एलिडानंही खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "शेळीशिवाय मेंढ्या आत जातील?"

"जातील."

"कशावरून?"

"मी पुढं चालतो."

"वाकून चालावं लागेल. तुमचा पाय..."

"पाय माझा हाय. त्याला मी समजावतो."

त्या सकाळी रस्त्यानं जाताना ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं, ते अजून सांगतात. पिवळं जाकीट घातलेला म्हातारा कंबरेत वाकून काचांच्या रांगेखालून चाललाय, हातात मक्याचं घमेलं, गळ्यात पर्लची घंटा. व्हर्नेल कळपाच्या मागं, तोंडाला पदर नाही म्हणून हाताचा पंजा लावून हसू दाबतेय. क्लिटस पर्लसारखा घसा खरडून आवाज काढत होता. आधी एका मेंढीनं पट्ट्यावर पाय टाकला. मग तिच्या मागच्या मेंढीनं. काचा किर्रर्र करून फिरल्या तेव्हा कळप थांबला, आणि क्लिटसही थांबला. वाकलेलाच, मांडीवर हात देऊन, घाम नाकावरून गळतोय. आवाज बंद झाला. तो पुढं चालला. तीही चालली.

कुंपणाबाहेर ट्रॅक्टर उभा होता. ड्युवेन बघत होता. "मेंढरांना नवी शेळी गावली गं अक्का!" तो ओरडला. "दाढीपण हाय!"

"आज सकाळीच केलीय!" क्लिटस आतून ओरडला, आणि त्या ओरडण्यातच त्याचा तोल गेला. खुबा निखळल्यासारखा झाला, तो गुडघ्यावर आला आणि मग कुशीवर. घमेलं पालथं झालं. मेंढरं मक्यावर तुटून पडली, त्याच्या अंगावरून, पायांवरून. व्हर्नेल कळपामागं लांब राहिली होती. तिला मध्ये शिरता येईना.

ड्युवेन फाटकातून पळत आला. जाळीत झटका सोडलाय हे त्याच्या ध्यानात नव्हतं. तिच्यावर हात ठेवून त्यानं उडी मारायला पाहिली, आणि एवढा मोठा माणूस "आई गं!" म्हणून मागं बसला. पुन्हा उठला, खुंटी बुटानं आडवी केली आणि आत घुसला. मेंढरं दोन्ही हातांनी बाजूला सारत त्यानं मेव्हण्याच्या काखेत हात घातले.

"मोडलं काय?"

"न्हाई. बसलंय नुसतं." क्लिटसचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळासारखा. "घंटा घे माझ्या गळ्यातनं. अर्धी रांग राहिलीय."

"आता मेंढरं मरू देत. उठ आधी."

"ड्युवेन, थांबली तर उलटी फिरतील. घे म्हणतो ना!"

ड्युवेननं बहिणीकडं पाहिलं. त्यानं घंटा घेतली, गळ्यात अडकवायला मान मोठी पडली, म्हणून हातात धरली. आणि तो कण्हत, शिव्या देत, दुमडून काचांखाली शिरला. मेंढरांनी माणूस बदलला हे पाहिलं, घंटा ऐकली आणि मागोमाग गेली. रांगेच्या टोकाशी पोचल्यावर लांबून त्याची हाक आली, "आता? आता काय करू?"

"काही न्हाई!" व्हर्नेल ओरडली. "सरळ हो!"

दुपारी तिघं काचेच्या सावलीत बसले. क्लिटसच्या खुब्याखाली गुंडाळलेलं जाकीट ठेवलं होतं. बर्फाच्या चहाचा थर्मास एकातून दुसऱ्याच्या हातात फिरत होता. मेंढरं पोटं टम्म करून रांगेनं बसली होती, जबडे हलत होते.

"गडी म्हणून न्हाई बोलावलं तुला," व्हर्नेल म्हणाली. "तू ऐकायच्या आधी उठून गेलास. वाटेकरी म्हणून. आत मेंढरं. कुंपणाच्या कडेनं आन् रस्त्यालगत तुझं यंत्र, तिथं मेंढरं सोडता येत न्हाईत. पाणी तुझा ट्रॅक्टर आणील. माझी गाडी टाकी वढत न्हाई, बघितलंस तू. येईल त्यात तुझा सारखा वाटा."

ड्युवेननं गवताची काडी दातात धरली. "सारखा?"

"सारखा."

"आन् ह्यो?" त्यानं क्लिटसकडं अंगठा केला.

क्लिटस उत्तर द्यायला जागा नव्हता. कडक टोपी तोंडावर ओढून त्याला झोप लागली होती, तोंड उघडं, हात गवतात पसरलेला. त्याच्या पंजापाशी एक कोकरू चरत येऊन बोटं हुंगत होतं.

"त्याला मी इचारते," व्हर्नेल म्हणाली. "तुझं सांग."

"टाकी उद्या आणतो," ड्युवेन म्हणाला. "पण वाकून चालायचं काम त्याचंच."

पांढरी गाडी लांबूनच दिसली. झोपलेला माणूस बघून एलिडानं ती अलीकडंच थांबवली आणि चालत आली. खाली बसून तिनं रांगेच्या बुडाशी नजर टाकली. गवत कापल्यासारखं आखूड होतं आणि एका काचेलाही नवा ओरखडा नव्हता.

"वरच्यांना फोटो पाठवलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळा माळ द्यायला तयार आहेत. तुम्हाला आणि ड्युवेनना मिळून, तुम्ही ठरवाल तसं. पण एक विचारते, व्हर्नेलबाई. एवढ्याशा कळपाकडून हा सगळा माळ चरून होईल का?"

व्हर्नेलनं डोळ्यावर हात धरून रांगा पाहिल्या. काचा सूर्याबरोबर पश्चिमेकडं कलत होत्या, आणि त्यांच्याबरोबर सावली सरकत होती. बसलेल्या मेंढ्या एकेक करून उठल्या, सावलीमागं दोन पावलं गेल्या आणि पुन्हा बसल्या.

"न्हाई होणार," ती म्हणाली. "कळप वाढवावा लागंल."